‘हा आपला बाँड नाहीच’ असं वाटतं तेव्हा नेमकं काय खटकलेलं असतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. तुम्ही पाच जण दर रविवारी संध्याकाळी सोलापूरच्या कंबर तलावाजवळ पुस्तकावर गप्पा मारायला बसता, या महिन्यात अँथनी हॉरोविट्झची ‘विथ अ माइंड टू किल’ ही जेम्स बाँडची कादंबरी घेतली आणि पाच जणांची पाच मतं झाली. एकजण म्हणाला हा बाँड नुसता कुढत बसतो, बँकेतनं रिटायर झालेले काका म्हणाले बाँडचा मूळ लेखक फ्लेमिंगची सर नाही, एकीला ती लई आवडली कारण बाँड पहिल्यांदा माणूस वाटला, चौथा म्हणाला सुरुवातीला किती वेळ काही घडतच नाही, आणि पाचव्याला शेवट अर्धवट वाटला. मग वाद झाला, आणि तुम्ही विचारताय की मूळ लेखक गेल्यावर दुसऱ्यानं पुढं नेलेल्या मालिकेबद्दल मत बनवायचं कसं, आणि या पाचांत बरोबर कोण.

मी नव्या पेठेत सत्तावीस वर्षं भाड्यानं पुस्तकं देणारी लायब्ररी चालवतेय, त्यातली दोन कपाटं फक्त हेरकथा आणि रहस्यकथांची आहेत, मराठी एक आणि इंग्रजी एक. एवढ्या वर्षांत एक सवय लागलीय, पुस्तक परत आलं की मी आधी पानं फिरवून बघते. मेंबर काउंटरवर "छान आहे हो" म्हणून जातो, पण एसटीचं तिकीट ४७ व्या पानात राहिलेलं असतं, म्हणजे बार्शीपर्यंतच्या प्रवासात तेवढंच झालं आणि परत हात लावला नाही. कुठं पान दुमडलंय, कुठं चहाचा डाग आहे, कुठं पेन्सिलीनं काय लिहिलंय, हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवते. म्हणून जे सांगतेय ते वाचकांना बघून सांगतेय, समीक्षक म्हणून नाही.

तर माझं सरळ मत असं आहे की तुमच्या पाचांपैकी चूक कुणीच नाही, पण प्रत्येकजण वेगळा बाँड डोक्यात घेऊन आला होता आणि ते कुणी आधी सांगितलं नाही. पुढं नेलेल्या कादंबरीवर बोलायच्या आधी प्रत्येकानं एवढं सांगायचं, की मी मूळच्या किती वाचल्यात, कुठल्या वाचल्यात, की फक्त सिनेमे बघितलेत. तेवढं सांगितलं की निम्मा वाद तिथंच संपतो बघा.

कुढणाऱ्या बाँडचंच घ्या. ज्यानं हे म्हटलं तो मुलगा पंचवीस-सव्वीसचा असणार आणि त्यानं सिनेमे बघितलेत असा माझा अंदाज आहे, कारण सिनेमातला बाँड माणूस मारतो, टाय सरळ करतो आणि पुढं जातो. इयान फ्लेमिंगच्या पुस्तकातला बाँड तसा नाहीच. १९५३ च्या पहिल्याच ‘कॅसिनो रॉयल’मध्ये तो मरता मरता वाचल्यावर हॉस्पिटलच्या खाटेवर पडून, आपण ज्यांना मारतो ते वाईट आणि आपण चांगले हे ठरवलं कुणी, असा विचार करत बसतो आणि नोकरी सोडायच्या गोष्टी करतो. ‘गोल्डफिंगर’ सुरू होते तीच मायामीच्या विमानतळावर, तो दारू पीत बसलाय आणि मेक्सिकोत नुकत्याच मारलेल्या माणसाचा विचार त्याच्या डोक्यातनं जात नाही. आणि १९६३ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’च्या शेवटी लग्न होऊन काही तासांत त्याची बायको मारली जाते, त्याच्या पुढच्या वर्षीच्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये तो इतका खचलेला आहे की त्याचा साहेब एम त्याला काढूनच टाकायला निघालाय. म्हणजे कुढणं हॉरोविट्झनं बाहेरनं आणलेलं नाही, ते घरातलंच आहे. त्या मुलाला म्हणावं तुझं मत सिनेमाबद्दल आहे आणि ते तिथं बरोबर आहे.

आता ही कादंबरी कुठनं सुरू होते ते नीट लक्षात घ्या, कारण सगळी मेख तिथं आहे. फ्लेमिंग १२ ऑगस्ट १९६४ ला वारले, वय फक्त ५६. त्यांची शेवटची कादंबरी ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ त्यानंतर १९६५ मध्ये आली. तिच्या सुरुवातीला रशियन लोकांनी ब्रेनवॉश केलेला बाँड लंडनला परत येतो आणि एमच्या ऑफिसात, एमच्याच अंगावर विषाचं पिस्तूल चालवतो, छतातनं काचेचा पडदा खाली येतो म्हणून एम वाचतो. केवढा प्रसंग आहे हा! ज्या माणसाला बापाच्या जागी मानलं त्याच्यावर हत्यार उगारायचं. आणि फ्लेमिंग काय करतात, काही पानांत बाँडला बरा करून जमैकाला पाठवून देतात, पुढं सोन्याच्या पिस्तुलाची गोष्ट सुरू. फ्लेमिंग तेव्हा आजारी होते, हृदयाचा त्रास होता, त्यांच्या पद्धतीनं पुस्तकावरनं पुन्हा हात फिरवायला वेळ मिळाला नाही, त्यामुळं हा प्रसंग तसाच राहिला. वाचक म्हणून मला ती पोकळी कायम जाणवायची. असं मन मोडलेलं माणूस चार दिवसांत बरं होतं का?

हॉरोविट्झनं २०२२ मध्ये नेमकी तीच जागा धरली. कादंबरी उघडते ती एमच्या अंत्ययात्रेनं, आणि खुनाचा आरोप बाँडवर. पुढचं सांगत नाही, अजून वाचायची असेल कुणाला तर मजा जाईल, पण त्याला परत रशियात त्याच लोकांपुढं उभं राहावं लागतं ज्यांनी त्याचं डोकं फिरवलं होतं. म्हणून तुमच्यातल्या ज्या ताईंना बाँड माणूस वाटला, त्यांनी माझ्या मते पुस्तकाचा गाभा बरोबर पकडलाय. फक्त "पहिल्यांदा" हा शब्द सोडून द्या, माणूस तो आधीपासून होता.

बँकवाल्या काकांच्या मताचं काय, तर त्यांच्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण "फ्लेमिंगची सर नाही" हे वाक्य माझ्या काउंटरवर मी सगळ्यात जास्त ऐकलंय आणि सगळ्यात कमी समजावून सांगितलं गेलंय. सर नाही म्हणजे काय नाही? मी विचारते तेव्हा लोक म्हणतात, ते बारकावे नाहीत हो, तो काय खातो, काय पितो, कुठली गाडी. पण नंतर लिहिणाऱ्या बहुतेकांनी बारकावे तर भरपूर घातलेत! घड्याळाचं नाव, दारूचं नाव, बुटाचं नाव, पानापानांवर. तरी ती चव येत नाही. का येत नाही याचं उत्तर मला एका मेंबरनं दिलं, मिलमधनं रिटायर झालेले आजोबा होते, आता नाहीत. ते म्हणायचे, आम्ही ही पुस्तकं वाचली तेव्हा साखर रेशनवर होती, पामतेलाच्या डब्याला रांग होती, आणि हा बाबा सकाळी बसून अंडं किती मिनिटं उकडायचं ते ठरवतोय, वाचताना पोटात कालवाकालव व्हायची.

ते अंडं ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’ मधलं. तीन मिनिटं आणि वर एक तृतीयांश, फ्रेंच जातीच्या कोंबडीचं, ठिपकेदार तपकिरी टरफलाचं. आता हे बघा, ब्रिटनमध्ये युद्धानंतरचं रेशनिंग १९५४ च्या जुलैमध्ये संपलं आणि ‘कॅसिनो रॉयल’ त्याच्या आधीच्या वर्षीची. म्हणजे फ्लेमिंगचा वाचक स्वतः लोण्या-मटणाला मोजून राहत होता. त्या यादीमागं एक भूक होती, लेखकाची आणि वाचकाची दोघांची. आणि दुसरी गोष्ट, अंड्याचं ते प्रकरण येतं तेव्हा बाँडला कामच नाहीये, शांततेनं तो कंटाळून गेलाय, म्हणून तो अंड्यात लक्ष घालतो. कंटाळा आहे म्हणून अंडं आहे. नंतरच्या लेखकांनी अंडं घेतलं आणि कंटाळा तिथंच ठेवला. तुमच्या काकांना जे खटकतंय ते हेच असणार असं मला मनापासून वाटतं. त्यांना एकदा विचारा.

म्हणून माझी कसोटी हीच आहे, लेखकानं हिरोचं सामान उचललंय की स्वभाव. आणि ही लावून बघितली की इतक्या वर्षांत आलेली पुस्तकं आपोआप वेगवेगळी बसतात.

पहिला आला किंग्सली एमिस, १९६८, ‘कर्नल सन’, रॉबर्ट मार्कहॅम या टोपणनावानं. फ्लेमिंगच्या बायकोचाच या कल्पनेला विरोध होता, तर वाचकांचं काय घेऊन बसलात. पण एमिसनं त्याआधी बाँडवर अख्खं अभ्यासाचं पुस्तक लिहिलेलं होतं, आणि ते दिसतं. एमलाच घरातनं पळवून नेतात आणि बाँड ग्रीसला जातो, त्यातला छळाचा प्रसंग इतका जमलाय की २०१५ च्या ‘स्पेक्टर’ सिनेमात तो घेतला आणि एमिसच्या वारसांचे आभार मानले. माझ्याकडची प्रत कधी अर्धवट परत आलेली नाही. इथं स्वभाव उचललाय, बाँड घाबरतो, चिडतो, एमसाठी जीव टाकतो.

मग १९८१ पासून जॉन गार्डनर. या माणसानं १४ कादंबऱ्या लिहिल्या, सिनेमावरच्या दोन वेगळ्या. फ्लेमिंगच्या स्वतःच्या कादंबऱ्या बाराच आहेत आणि कथासंग्रह दोन, म्हणजे संख्येत बरोबरी झाली की. त्यानं बाँडला ८० च्या दशकात आणला, डबल-ओ म्हणजे मारायचा परवाना असलेल्या हेरांचा विभाग बंद झालेला दाखवला आणि मूळच्या बेंटलीऐवजी हातात साब गाडी दिली. माझ्या प्रतीत त्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, "साब? बेंटली कुठं गेली?" आणि त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात दुसऱ्या कुणीतरी, "पेट्रोल किती खाते माहितेय का". मी ते पुसलेलं नाही. तिथं वाचकांचं खरं मत आहे, एकाला हिरो गोठलेला हवाय आणि दुसऱ्याला आपल्या काळात हवाय, आणि गार्डनर दोघांच्या मधे अडकला. सुरुवातीच्या तीन-चार वाचण्यासारख्या आहेत, नंतर दर पुस्तकात कुणीतरी दगा देतंच आणि वाचक ते आधीच ओळखतो. नंतर रेमंड बेन्सन, १९९७ ते २००२, अमेरिकन, मूळचा बाँडचा जबरदस्त अभ्यासक. प्रकरणाच्या शेवटी वाचकाला ओढून पुढच्या प्रकरणात नेण्याची फ्लेमिंगची जी युक्ती आहे, तिला ‘फ्लेमिंग स्वीप’ हे नाव त्यानंच दिलं. माहिती सगळी पक्की, ॲक्शन भरपूर, पण त्याची वाक्यं मला कोरडी वाटतात, आणि वहीत बघितलं तर अर्धवट परत आलेली त्याची पुस्तकं जास्त आहेत.

२००८ ला फ्लेमिंगची जन्मशताब्दी होती तेव्हा सबॅस्टियन फॉक्सची ‘डेव्हिल मे केअर’ आली, मुखपृष्ठावरच लिहिलेलं की फ्लेमिंग बनून लिहिलीय. मोठा साहित्यिक, पण वाचताना मला सारखं वाटत राहिलं की हा माणूस नक्कल करून दाखवतोय, एखादा कलाकार स्टेजवर पुढाऱ्याचा आवाज काढतो तसं. पहिले दोन मिनिटं टाळ्या, मग माणूस कंटाळतो. २०११ ला जेफ्री डीव्हरनं उलटं केलं, बाँडला आजच्या काळातला, अफगाणिस्तानात लढून आलेला तरुण केला. तिथं पुस्तक वाईट नाही पण नाव बदललं असतं तरी चाललं असतं, आणि मेंबर लोक मला तेच म्हणाले. विल्यम बॉइडची २०१३ ची ‘सोलो’ मला आवडते, १९६९ मधला पंचेचाळिशीचा बाँड, आफ्रिकेतलं युद्ध, वय झाल्याची जाणीव. पण ती शांत आहे, घाई असलेल्यानं घेऊ नये.

हॉरोविट्झ यात वेगळा पडतो कारण त्याला दुसऱ्याच्या घरात राहायची सवय आहे. शेरलॉक होम्सची कादंबरी त्यानं डॉयलच्या वारसांच्या परवानगीनं लिहिली होती २०११ ला, आणि त्याआधी शाळकरी गुप्तहेराची स्वतःची मालिका. बाँडवर तीनच लिहिल्या, २०१५, २०१८ आणि २०२२. पहिली ‘गोल्डफिंगर’च्या लगेच नंतर घडते आणि तिच्यात फ्लेमिंगनं टीव्हीसाठी लिहून ठेवलेलं न वापरलेलं मोटार रेसचं लिखाण वापरलंय. दुसरी ‘कॅसिनो रॉयल’च्या आधी घडते, बाँड ००७ कसा झाला ते. आणि तुमची तिसरी सगळ्याच्या शेवटी. सुरुवात, मध्य, शेवट. तिन्ही वेळा त्यानं मूळ भिंत पाडली नाही, दोन विटांच्या मधली फट शोधली. हेरकथा लिहिणाऱ्या जॉन ल कारेच्या मुलानं, निक हार्कवेनं, २०२४ मध्ये वडिलांच्या स्मायली या हेराची कादंबरी लिहिली तेव्हा त्यानंही हेच केलं, १९६३ हे दोन पुस्तकांच्या मधलं रिकामं वर्ष घेतलं.

उलट केलं की काय होतं ते जेसन बोर्न या हेराच्या मालिकेच्या वाचकांना विचारा. रॉबर्ट लडलम २००१ ला गेले, त्यांनी बोर्नच्या तीनच लिहिल्या होत्या, आणि २००४ ला एरिक व्हॅन लस्टबेडरनं चौथी लिहिली तिच्यात सुरुवातीलाच कॉन्क्लिन आणि डॉक्टर पॅनोव्ह दोघांना मारून टाकलं. ही दोन माणसं म्हणजे बोर्नची भूतकाळाशी असलेली गाठ. माझ्याकडं एक कॉलेजचे सर यायचे, त्यांनी ते पुस्तक दुसऱ्याच दिवशी आणून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "घरात पाहुणा म्हणून आला आणि आल्या आल्या घरातली माणसं काढली." परत त्यांनी ती मालिका घेतली नाही. गोष्ट वेगवान आहे, पुढं बरीच पुस्तकं आली आणि खपलीही, पण त्यांचं दुखणं मला आजही बरोबर वाटतं.

स्लो वाटलेल्या मित्राला एवढंच सांगा, ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’मध्ये पहिली दहा प्रकरणं बाँड येतच नाही, अकराव्यात येतो, आणि ती फ्लेमिंगच्या सगळ्यात गाजलेल्यांपैकी आहे. तरी त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण फ्लेमिंगच्या त्या दहा प्रकरणांत मारायचा कट शिजत असतो आणि वाचकाला ते माहीत असतं. हॉरोविट्झकडं मॉस्कोतली मधली काही पानं खरंच सैल आहेत, तिथं मीही दोनदा पुस्तक खाली ठेवलं. अर्धवट शेवटाचं म्हणाल तर फ्लेमिंगनं स्वतः एक कादंबरी बाँड विष भिनून जमिनीवर कोसळतो तिथं संपवलीय आणि एक तो स्मृती हरवून रशियाकडं निघतो तिथं. पाचव्या मित्राला शेवट आवडला नाही हे ठीक, पण तो या मालिकेच्या रीतीला सोडून आहे असं म्हणता येत नाही.

आपल्याकडं हा अनुभव कमी आहे म्हणून पण आपण गडबडतो. रहस्यकथा लिहिणारे सुहास शिरवळकर २००३ मध्ये गेले, त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्याकडं लोक येऊन त्यांच्या हिरोचं विचारायचे, दारा बुलंदचं नवीन आलं का हो. मी नाही म्हणायची आणि त्यांचे चेहरे बघायची. दुसऱ्या कुणी लिहिलेलं चालेल का असं मी एकदोघांना विचारलं पण होतं. एकजण म्हणाला नको, आणि जिन्यापर्यंत जाऊन परत आला, म्हणाला, एखादं बघायला हरकत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती तुमच्या कट्ट्याला उपयोगी पडेल. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे फ्लेमिंगनं हयातीत छापलेली पुस्तकं भारतात १ जानेवारी २०२५ पासून खुली झालीत. ब्रिटनमध्ये ७० वर्षांचा नियम, तिथं २०३४ अखेरपर्यंत थांबायचं. मराठीत कुणी नीट अनुवाद करायचं मनावर घेतलं तर मूळ बाँड आपल्या पोरांच्या हातात येईल आणि मग "हा बाँड नाही" म्हणताना त्यांना नक्की माहीत असेल की कुठला नाही. मला ते फार हवंय. नुसती दोन तीन पुस्तकं झाली तरी.

तोवर पुढच्या रविवारी असं करा, नवीन काही घेऊ नका. ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ची फक्त पहिली दोन प्रकरणं आणि ‘विथ अ माइंड टू किल’ची पहिली दोन, पाठोपाठ, कुणीतरी मोठ्यानं वाचा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. काकांना आधी बोलू द्या, त्यांनी मूळ वाचलंय. माझ्याकडं गोल्डन गनची एक जुनी प्रत आहे, मागचं कव्हर निघालंय आणि मधली काही पानं पिवळी पडलीत, पण सुरुवात अख्खी आहे. मंगळवार सोडून कधीही या, संध्याकाळी सहानंतर मी असते.